चोपड्याच्या ताईंनी विचारलंय: घरच्या गोधड्या ऑनलाईन विकायला कोणकोणती अ‍ॅप्स लागतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की चोपड्याला घरीच जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवता, शिवाय बाळाची दुपटी आणि कापडी पिशव्या, त्यावर हाताने नाव भरून देता, आतापर्यंत सगळं ओळखीपाळखीत गेलं आणि आता ऑनलाईन करायचंय. पुतण्या म्हणतो शॉपिफायवर साइट काढ, मैत्रीण म्हणते इन्स्टा पुरे, एक जण तुम्हाला कोर्स विकायला बघतोय, आणि तुमचे प्रश्न तीन: टूल्स कोणती, महिन्याला खर्च किती, आणि आधी लॅपटॉप घ्यावा का. मी जळगावात रुखवताचं सामान आणि नावाची तोरणं करते, बरीच वर्षं झाली, विक्री जवळपास सगळी फोनवरूनच होते, आणि आजूबाजूच्या बायकांना त्यांचं दुकान मोबाईलवर लावून द्यायचं कामही आता माझ्याकडेच येतं. त्या अनुभवावर सांगते. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

कोणतं अ‍ॅप हे नंतर बघू, आधी मला सांगा की आलेली ऑर्डर तुम्ही कुठे लिहिता? बहुतेक जणी म्हणतात व्हॉट्सअ‍ॅपला असतेच की. तिथेच सगळं अडतं. एक ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, दुसरी इन्स्टाच्या मेसेजमध्ये, तिसरी फोनवर, चौथी लग्नात भेटलेल्या मावशी तोंडी सांगून जातात, आणि दिवाळीच्या तोंडावर हे सगळं एकदम आलं की कोणाचं दुपटं गुलाबी होतं, कोणी आगाऊ पैसे दिले, कोणाला बारशाच्या आधी हवं होतं, हे शोधण्यातच रात्र जाते. मी बंद पडलेले जे घरगुती धंदे पाहिले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी माल चांगला होता, फोटो चांगले होते, गिऱ्हाईक पण होतं, फक्त ऑर्डरी सांभाळता आल्या नाहीत आणि लोक चिडले. म्हणून माझ्या लेखी पहिलं टूल गूगल शीट, म्हणजे फोनमधली रकान्यांची वही. फुकट आहे, फोनवर चालतं, आणि बाकी सगळी अ‍ॅप्स उद्या बदलली तरी ही शीट तुमचीच राहते.

शीट कशी लावायची ते नीट सांगते कारण इथेच खरा फायदा आहे. एका ओळीत एक ऑर्डर. रकाने असे: ऑर्डर नंबर, तारीख, नाव, मोबाईल, पूर्ण पत्ता, पिनकोड वेगळा, काय हवं, साइज, रंग, भरायचं नाव, एकूण किंमत, आगाऊ, बाकी, कधी द्यायचं, कुठपर्यंत आलं, ट्रॅकिंग नंबर, आणि शेवटी गिऱ्हाईक कुठून आलं. "कुठपर्यंत आलं" याला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे कापड निवडलं, शिवतेय, नाव भरतेय, पॅक, पाठवलं, असं बोटाने निवडायचं, टाईप करायचं नाही. बाकी रकमेला साधं वजाबाकीचं सूत्र. आणि रोज सकाळी "कधी द्यायचं" या रकान्यावर सॉर्ट मारायचं, जे वर येईल ते आज हातात घ्यायचं, एवढंच तुमचं प्लॅनिंग. कामांच्या याद्या ठेवायला लोक ट्रेलो सांगतील, नोशन सांगतील, चांगलीच आहेत ती, पण एकट्या बाईच्या कामाला त्यांचा पसारा जास्त होतो आणि आठवड्याभरात ती उघडायची बंद होतात, हे मी फार वेळा बघितलंय.

दोन बारीक गोष्टी. मोबाईल नंबर +९१ लावून टाकला की शीटला वाटतं हे गणित आहे आणि ती काहीतरी भलतंच दाखवते, म्हणून नुसते दहा आकडे लिहा किंवा सुरुवातीला एक अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाका. दुसरं, भरायचं नाव स्वतः टाईप करायचं नाही, गिऱ्हाइकाने देवनागरीत पाठवलेलं कॉपी करून तिथे पेस्ट करायचं आणि तेच त्यांना परत पाठवून "हेच ना?" म्हणून हो घ्यायचं. इंग्रजीत आलेलं एकच स्पेलिंग शर्वरी पण वाचता येतं आणि सर्वरी पण, आणि धाग्याने भरलेलं नाव उसवलं की कापडाला भोकं राहतात, तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे सातपुड्याच्या बाजूला रेंज जाते आणि लाईट पण जाते, तर शीट्सच्या अ‍ॅपमध्ये त्या फाईलला ऑफलाइन करून ठेवा, रेंज आली की आपोआप जुळतं.

ऑर्डर घ्यायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि बिझनेस एकाच नंबरवर एकाच वेळी चालत नाही, त्यामुळे वेगळं सिम घ्याच, आणि ते फक्त या कारणासाठी नाही ताई, घरच्या नंबरवर रात्री साडेअकराला "हाय" करणारे पण असतात, धंद्याचा नंबर वेगळा असला की रात्री तो फोन बाजूला ठेवता येतो. त्यात अवे मेसेज असतो, रात्री आठनंतर आपोआप उत्तर जातं की सकाळी बोलू. क्विक रिप्लाय म्हणून आहे, तिथे नेहमीची उत्तरं भरून ठेवायची: साइज कोणत्या, किती दिवस लागतात, आगाऊ किती, धुवायचं कसं. एक शॉर्टकट दाबला की अख्खा परिच्छेद जातो. लेबल लावता येतात, नवीन, पैसे बाकी, पाठवलं वगैरे, पण लेबल म्हणजे शीट नव्हे, दोन्ही ठेवा. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू टाकता येतात, तुम्हाला पंधरा पुरतील, आणि तुमचा प्रत्येक नग वेगळा असल्यामुळे कॅटलॉगमध्ये "हीच मिळेल" असं नका टाकू, "या प्रकारची, कापड उपलब्धतेनुसार" असं लिहा नाहीतर तेच हिरवं काठ असलेलं पातळ कुठून आणणार.

ब्रॉडकास्ट लिस्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम पुष्कळ जणांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीचं, बऱ्याच जणींना माहीत नसतं. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. त्यामुळे पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका, हा नंबर या नावाने सेव्ह करा म्हणून. ग्रुप मात्र काढू नका, एकीचा नंबर दुसरीला दिसतो, आणि दोन दिवसांत गुड मॉर्निंग सुरू होतं.

आता फोटो. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारचं ऊन इतकं पांढरं असतं की गोधडीचे धावदोऱ्याचे टाके दिसतच नाहीत, आणि मे महिन्यात फोन स्वतःच तापून कॅमेरा बंद करतो. सकाळी लवकर, ओट्यावर किंवा पडवीत, थेट ऊन नसलेल्या जागी काढा. प्रकाश एका बाजूने तिरका यायला पाहिजे, म्हणजे टाक्यांच्या सावल्या पडतात आणि हाताचं काम कळतं, समोरून फ्लॅश मारला की तीच गोधडी बाजारातल्या प्रिंटेड चादरीसारखी दिसते. एक फोटो पूर्ण पसरलेली, एक घडी, एक जवळून टाके, एक उलटी बाजू, आणि एक पलंगावर म्हणजे साइज कळते. उलट्या बाजूचा फोटो कोणी टाकत नाही, पण ज्यांना हातकामातलं कळतं ते तोच मागतात.

एडिटला स्नॅपसीड, गूगलचं आहे, फुकट आणि जाहिराती नाहीत. त्यातलं व्हाइट बॅलन्स आधी, म्हणजे फोटोवरची पिवळी-निळी झाक जाते, मग थोडं ट्यून इमेज, आणि भिंतीवरचा डाग घालवायला हीलिंग. फिल्टर अजिबात नको. कपड्याच्या धंद्यात परत येणाऱ्या मालाचं मोठं कारण रंग असतो, आणि फोनचा कॅमेरा लाल आणि राणी रंग जास्तच भडक करतो, तर एडिट करताना खरी गोधडी शेजारी ठेवून रंग जुळवायचा. हल्ली एआयने बनवलेले गोधडीचे फोटो टाकणारे निघालेत, म्हणजे वस्तू एक आणि चित्र भलतंच. तुम्ही असलं करू नका. तुमचा सगळा भाव हा "माणसाने हाताने केलंय" या एका गोष्टीवर मिळतो, चित्र खोटं निघालं की टाके पण खोटे वाटतात. हां, वर्णन लिहायला चॅटजीपीटी किंवा जेमिनीची मदत घ्या, मुद्दे द्या आणि लिहून घ्या, पण ते मराठी फार सरकारी लिहितात, "सदर उत्पादन" वगैरे, ते मोडून आपल्या बोलीत आणा.

गिऱ्हाइकाला फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं, एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. टाके दिसायला हवेत ना.

पोस्ट आणि कार्ड बनवायला कॅनव्हा, फुकटचं पुरतं. पण मराठी अक्षरांचं बघा, कारण तिथले बरेच मस्त दिसणारे फॉन्ट देवनागरी घेतच नाहीत, तुम्ही टाईप केलं की अ‍ॅप गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं किंवा जोडाक्षरं तुटतात. मुक्त (Mukta) आणि बलू (Baloo) हे दोन्ही फॉन्ट मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या संस्थेचे, मोकळ्या परवान्याचे, धंद्यात वापरायला पैसे नाहीत. थोडं पारंपरिक हवं तर तिरो देवनागरी मराठी, त्यात आपला मराठी वळणाचा ल आणि श येतो, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा असतो आणि लेबलवर ते लगेच खटकतं, निदान मला तरी. टॅग किंवा थँक्यू कार्ड छापायला प्रेसमध्ये गेलात की ऑपरेटर म्हणेल मजकूर पाठवा, आणि त्याच्याकडे बहुधा श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर असेल जे फोनवरच्या मराठीसारखं (युनिकोड) चालत नाही, तुमचा मजकूर तिथे गेला की अक्षरांची खिचडी. त्याला मजकूर देऊच नका, कॅनव्हातून प्रिंटची पीडीएफ काढून द्या आणि एक प्रत आधी छापून हातात घ्या. छपाईतले रंग स्क्रीनपेक्षा मंद येतात, सीएमवायके म्हणजे छपाईच्या रंगांमध्ये फाईल काढायची सोय कॅनव्हाच्या पैसेवाल्या प्रो प्लॅनमध्येच आहे, टॅगपुरतं त्याची गरज नाही. प्रो लागलंच कधी तर सणाच्या एका महिन्यापुरतं घ्या आणि बंद करा, आपोआप वाढणारी फी चालू ठेवून विसरायचं नाही.

पुढे तुमच्या नक्षीचं डिझाईन काढून ते फाईल म्हणून विकावंसं वाटलं तर इंकस्केप शिका, फुकट आहे, आणि रंगवायला क्रिटा. पण ते पुढचं, आणि कॅनव्हातली तयार चित्रं उचलून तशीच विकता येत नाहीत हे ध्यानात ठेवा.

इन्स्टा. प्रोफेशनल अकाउंट करा, मेटा बिझनेस सूटमधून पोस्ट आधीच लावून ठेवता येतात, फुकट. म्हणजे रविवारी दुपारी बसून आठवड्याचं लावलं की रोज फोनला चिकटायला नको. रील कापायला व्हीएन किंवा इनशॉट घ्या, इन्स्टाचं स्वतःचं एडिट्स पण २०२५ मध्ये आलंय आणि बरं आहे. कोर्सवाले कॅपकट शिकवतात, ते आपल्याकडे बंदी असलेल्या अ‍ॅपमध्ये आहे, त्याच्या मागे लागू नका. आणि बिझनेस अकाउंटला सिनेमातली गाणी बऱ्याचदा मिळत नाहीत, हट्टाने लावलं तर रील मुकी होते, त्यापेक्षा सुईदोऱ्याचा, कात्रीचा, साडी फाडतानाचा टर्रकन आवाज ठेवा. ऐकायला इतका छान लागतो की गाण्याची आठवण येत नाही.

बोलायचं असेल तर अहिराणीत बोला ना ताई. "नवी गोधडी उनी शे, देखी ल्या" एवढं जरी म्हटलं तरी सुरत, पुणे, नाशिक, कल्याणला बसलेले आपले लोक थांबतात. हे मी कौतुकाने म्हणत नाहीये, हिशोबाने म्हणतेय. आपला गिऱ्हाईक खान्देशात कमी आणि खान्देशाबाहेर जास्त आहे. गावातल्या बाईला गोधडी घरी शिवता येते, ती पैसे का देईल? पैसे देणारी ती, जिची आजी गोधडी शिवायची आणि जी आता फ्लॅटमध्ये राहते. म्हणून तो शेवटचा रकाना, गिऱ्हाईक कुठून आलं, तो भरत राहा, सहा महिन्यांनी तुम्हाला कळेल कोणत्या गावाकडे बघून बोलायचं.

आणि त्याच कारणाने गूगल कॅलेंडरमध्ये आपले सण भरा, अ‍ॅपवाल्यांचे नाही. ते व्हॅलेंटाइन डेची आठवण करतील. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा उत्सव, त्याला बाहेरगावचे झाडून सगळे घरी येतात, मग राखी, गणपती, दिवाळी, आणि लग्नसराई. एक गोधडी हाताने व्हायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहीत, पाठवायला आठवडा धरा, आणि तेवढं मागे मोजून कॅलेंडरमध्ये "ऑर्डर बंद" अशी तारीख टाका. ती तारीख जाहीर करा आणि पाळा. घाई करणाऱ्यांना तयार पिशव्या दाखवा.

पैशाचं. यूपीआय पुरतं. साध्या यूपीआयवर बँक खात्यातून पैसे घेतले की तुम्हाला काही कापलं जात नाही. धंद्याचं खातं वेगळं ठेवा, निदान वेगळं सेव्हिंग तरी, नाहीतर वर्षाच्या शेवटी किराणा कुठला आणि कापड कुठलं कळत नाही. नाव भरायचं असेल तर निम्मे पैसे आधी, त्यात भीड नको, नावाची वस्तू दुसऱ्याला विकता येत नाही. पैसे आले का ते नेहमी बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघायचं, स्क्रीनशॉटवर विश्वास नको, खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप्स आहेत. आणि कोणी म्हणालं की पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. मोठी ऑर्डर, मिल्ट्रीत आहे म्हणणारा, भाव न करणारा माणूस, हा सगळा त्याच नाटकाचा भाग असतो. तरीही कोणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, जितका लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

कार्डने द्यायचं म्हणणारे भेटले की रेझरपे सारख्याची पेमेंट लिंक. त्यांचा साधारण दर २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५०० च्या गोधडीवर ३५ रुपये ४० पैसे. ऐकायला काही नाही, पण किंमत ठरवताना धरलं नाही तर तुमच्याच मजुरीतून जातात. शीटमध्ये दुसरं पान काढा, त्यात प्रत्येक प्रकाराचं कापड, दोरा, अस्तर, तुमचे तास, पॅकिंग, कुरियर, ही फी, सगळं मांडा. तासांना पैसे लावा! आपण बायका तो रकाना शून्य ठेवतो आणि मग म्हणतो धंदा चालतो. बिल द्यायला झोहो इनव्हॉइस फुकट आहे, किंवा कॅनव्हात साधी पावती करा.

आता कुरियर, इथे गोधडीवाल्यांचं नुकसान होतं म्हणून जरा थांबून वाचा. खाजगी कुरियर आणि शिपरॉकेटसारखे मधले प्लॅटफॉर्म खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त ते धरतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. समजा तुमची गोधडी दीड किलोची आहे आणि खोका ४० बाय ३० बाय १५. गुणाकार १८०००, भागिले ५०००, झाले ३.६ किलो. दीड किलोची वस्तू साडेतीन किलोच्याही वरच्या भावात. तीच गोधडी व्हॅक्यूमच्या पिशवीत दाबून उंची ७ वर आणली तर ८४००, म्हणजे १.६८ किलो. अर्ध्याहून कमी. व्हॅक्यूमच्या पिशव्या कपडे ठेवायच्या म्हणून मिळतात, हवा ओढायला घरचा हातपंप चालतो, आणि सोबत चिठ्ठी टाका की उघडल्यावर एक ऊन दाखवा, फुलून येते. खोका काढून नुसती जाड कुरियर बॅग वापरली तर अजून वाचतं, कापड काही फुटत नाही. खोक्यात जायचं ते काचेचं आणि माझ्या रुखवतातलं.

मला स्वतःला कपड्यासाठी पोस्ट आवडतं. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये मिसळलं, त्यामुळे आता काउंटरवर स्पीड पोस्ट म्हणा. धडगाव, अक्कलकुव्यापासून आसामपर्यंत पोस्ट जातं, कुरियरवाले म्हणतात तो पिनकोड आमच्यात नाही. ट्रॅकिंग नंबर घरी येऊन लगेच शीटमध्ये टाका आणि गिऱ्हाइकाला पाठवा, निम्मे "कुठे आलं" फोन बंद होतात. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला नकोच, दार उघडत नाहीत, पार्सल परत येतं, जायचं आणि यायचं दोन्ही भाडं तुमच्या अंगावर.

सरकारी कागदांचं थोडक्यात. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, पूर्ण फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनने होते, पैसे मागणाऱ्या तशाच दिसणाऱ्या साइट खूप आहेत, तिथे भरू नका. जीएसटीची मर्यादा मालासाठी वर्षाला ४० लाख उलाढाल, ती आपल्याला लांब आहे, पण एक मेख आहे: दुसऱ्या राज्यात माल विकला की मर्यादेच्या आतही नोंदणी लागू शकते. आणि आपण तर गुजरातला चिकटून, नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, बाकड्याच्या या टोकाला बसलेली बाई इकडची आणि त्या टोकाची तिकडची. सुरतचं गिऱ्हाईक म्हणजे कायद्याने परराज्य. ठरावीक यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना यातून सूट आहे, त्याला अटी आहेत, तुमच्या गोधड्या आणि पिशव्या त्यात कशा बसतात ते एखाद्या सीएला एकदा पैसे देऊन विचारा, हा खर्च करा. अ‍ॅमेझॉन, मीशो वगैरेवर जायच्या आधी पण हेच विचारा. परदेशात पाठवायचं झालं तर ५०० रुपयांत आयईसी म्हणजे निर्यातीला लागणारा कोड निघतो आणि पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, पण ते वर्षभरानंतर बघू.

एट्सीचं, म्हणजे हातकामाच्या वस्तूंच्या परदेशी ऑनलाईन बाजाराचं, तुम्ही विचारलं नाही पण पुतण्या सांगेलच. एक वस्तू लावायला ०.२० डॉलर, ती चार महिने राहते, विकली की ६.५ टक्के, वर पैसे वळवायची फी. परदेशातले गोधडीला कांथा म्हणून शोधतात, मागणी आहे, पण कुरियरचा खर्च गोधडीच्या किमतीच्या बरोबरीला जातो. दुपटी आणि पिशव्या हलक्या, त्या आधी.

वेबसाईट? आत्ता नको. पण नाव घेऊन ठेवा. डोमेन म्हणजे साइटचं नाव वर्षाला साधारण हजाराच्या आत-बाहेर मिळतं, तुमच्या ब्रँडचं नाव दुसऱ्याने घेतलं तर पंचाईत. सध्या ते व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगच्या लिंककडे वळवून टाका. शॉपिफाय चांगलं आहे, पण ते दर महिन्याला पैसे मागतं, विक्री होवो न होवो, आणि एकेकच नग असलेल्या मालाला रोज फोटो चढव, रोज उतरव करायला लागतं. महिन्याला इतक्या ऑर्डरी यायला लागल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देण्यात शिवायचा वेळ जातो, त्या दिवशी साइट काढा. त्याऐवजी गूगल बिझनेस प्रोफाइल आत्ताच करा, फुकट, "गोधडी चोपडा" शोधलं की दिसाल. घरचा पत्ता त्यात लपवता येतो आणि फक्त गावाचा भाग दाखवता येतो, तो पर्याय निवडाच.

इन्स्टाचं अकाउंट तुमचं नसतं, ते त्यांचं असतं. एका मैत्रिणीचं हॅक झालं, हजारो फॉलोअर गेले, पण गिऱ्हाइकांचे नंबर शीटमध्ये होते म्हणून पंधरा दिवसांत पुन्हा उभी राहिली. इन्स्टा, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप तिन्हीला टू स्टेप, म्हणजे दुहेरी कुलूप, लावा, व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी पिन आज बसवा. ओटीपी कोणालाही नाही, भाच्याला पण नाही. आणि गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेल, फोटो, ड्राइव्ह सगळं, अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पण त्यातच मोजतात, ती भरली की मेल यायचंच थांबतं. रीलचे कच्चे व्हिडिओ महिन्याला पेनड्राइव्हवर उतरवून फोनमधून उडवा.

खर्च विचारलात तर पहिले सहा महिने दुसऱ्या सिमचा रिचार्ज, पॅकिंग आणि वर्षाचं डोमेन, बस. अ‍ॅप्सना एक रुपया नाही. कोर्सवाल्याला पैसे देऊ नका, तो जे शिकवणार त्यातलं निम्मं वर आलंय आणि उरलेलं युट्यूबवर मराठीत आहे. ते पैसे सीएला आणि चांगल्या धाग्याला.

लॅपटॉप राहिला. शीट, कॅनव्हा, इन्स्टा सगळं फोनवर होतं, व्हॉट्सअ‍ॅपला चार डिव्हाइस जोडता येतात म्हणजे मुलीच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर पण उघडता येईल. फोन मात्र जरा बरा घ्या, कॅमेरा आणि स्टोरेज बघून. पुढे इंकस्केप वगैरे करायचं ठरलं तर सेकंडहँड चालेल, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, जळगावला गोलाणी मार्केटमध्ये या, चार्जर काढून तासभर चालवून बघा, मराठी टाईप करून बघा, आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. यायचं झालं तर आधी कळवा, मी पण सोबत येते.